भूकंपानंतर महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमा: लेशमॅनियासिस नेमका वाढतो कसा?

रानवारा

नमस्कार मंडळी. आपत्तीनंतर मदतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांचं ट्रेनिंग घेणारा आमचा एक छोटा ग्रुप आहे आणि या वेळी आरोग्याचा भाग माझ्याकडे आलाय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे वाचून वाचून नोट्स काढतोय. इराणमधल्या बम शहराचा भूकंप माहीत होता, २६ डिसेंबर २००३, ६.६ तीव्रतेचा, पहाटे लोक झोपेत असताना झाला, मातीच्या विटांची घरं जागच्या जागी बसली आणि पंचवीस हजारांवर माणसं गेली. पण त्याच्या पुढच्या काही वर्षांत तिथे त्वचेच्या लेशमॅनियासिसचे (परजीवीमुळे होणारा, लवकर न भरणाऱ्या जखमांचा आजार) पेशंट खूप वाढले हे पहिल्यांदाच वाचलं आणि तिथेच अडकलोय.

म्हणजे जुलाब, कॉलरा, गोवर हे समजू शकतो, पाणी खराब होतं, गर्दी होते. पण भूकंपाने परजीवी कुठून येतो? एकाने सांगितलं ढिगाऱ्याखाली राहिलेल्या प्रेतांमुळे होतं. दुसरा म्हणाला हा खरजेचाच प्रकार, लोक एकमेकांना चिकटून झोपतात म्हणून पसरतो, पेशंटला वेगळ्या तंबूत ठेवायचं. मला दोन्ही पटत नाहीये पण खोडून काढण्याइतकी माहिती नाही. आणि अजून एक, भूकंप झाला डिसेंबरात आणि पेशंट वाढले नंतर, लगेच का नाही? स्वयंसेवकांना नक्की काय सांगायचं? कोणी यातलं असेल तर जरा सविस्तर लिहा प्लीज.

निळी शाई

मी त्वचेची डॉक्टर आहे, हा आजार हाताळलाय म्हणून लिहिते.

आधी तुमच्या त्या दोघांचं बघू. प्रेतांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. आणि नुसत्या स्पर्शाने, एका अंथरुणात झोपल्याने, एका ताटात जेवल्यानेही हा होत नाही. त्यामुळे वेगळा तंबू अजिबात नको, एकदा का एका पोराला जखम बघून बाजूला बसवलं की बाकीच्या आया आपापल्या पोरांच्या जखमा झाकायला लागतात आणि मग पेशंट शोधणं महाकठीण होतं.

लेशमॅनिया हा एकपेशीय परजीवी. तो त्वचेतल्या मॅक्रोफेज पेशींमध्ये राहतो, म्हणजे ज्या पेशींनी जंतू गिळून संपवायचे त्यांच्याच आत बसून वाढतो. एका माणसातून दुसऱ्यात जायला त्याला सँडफ्लाय नावाची बारीक माशी लागते, तिची मादी रक्त पिते तेव्हा परजीवी तिच्या पोटात जातो, तिथे वाढतो आणि पुढच्या चाव्यात दुसऱ्याच्या अंगात. बममध्ये जी जात आहे ती लेशमॅनिया ट्रॉपिका. हिच्यात साठा मुख्यतः माणसातच असतो, म्हणजे ज्याच्या गालावर उघडी जखम आहे आणि जो रात्री उघड्यावर झोपलाय तोच पुढच्या माशीला परजीवी पुरवतो. हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण सगळा उपाय यावरच उभा आहे.

आता भूकंपाने काय केलं. आजार आणला नाही. बम आणि एकूणच केरमान प्रांत हा या आजाराचा जुनाच पट्टा आहे, परजीवी होता, माशी होती, थोडेथोडे पेशंट दरवर्षी होते. भूकंपाने मधले अडसर काढून टाकले. भिंती गेल्या, खिडक्या-जाळ्या गेल्या, लोक तंबूत आणि उघड्यावर आले. दवाखाने पडले, तिथे काम करणारी माणसंच मेली किंवा बेघर झाली, त्यामुळे आधी जे पेशंट इंजेक्शन घेत होते त्यांचे कोर्स अर्धवट राहिले आणि जखमा उघड्याच राहिल्या. वर बाहेरून मदतीला, बांधकामाला हजारो लोक आले ज्यांना हा आजार आयुष्यात कधी झाला नव्हता. एकदा होऊन बरा झाला की त्या जातीविरुद्ध बहुतेकांना पुढे प्रतिकारशक्ती राहते, त्यामुळे जुन्या पट्ट्यातली बरीच मोठी माणसं आधीच सुरक्षित असतात. बाहेरून आलेले मात्र अगदी कोरे. रानवारा, तुमचे स्वयंसेवक याच दुसऱ्या गटात येतात हे त्यांना आधी सांगा.

उशिरा का, तर दोन कारणं एकावर एक येतात. डिसेंबर म्हणजे तिकडे थंडी, तेव्हा माशा उडत नाहीत, वसंतात तापायला लागलं की त्या बाहेर येतात आणि तोवर लोक तंबूतच असतात. मग चावल्यापासून फोड दिसेपर्यंत काही आठवडे ते कित्येक महिने जातात. म्हणजे भूकंपाचा पहिला हिवाळा शांत जातो, उन्हाळ्यात चावे होतात आणि जखमा दिसतात त्या उन्हाळ्याच्या शेवटी किंवा त्याही पुढे. तोपर्यंत बाहेरची बहुतेक मदत पथकं घरी गेलेली असतात. मला यातलं सगळ्यात जास्त हेच खटकतं. मदतीचं कॅलेंडर ठरतं पहिल्या तीन महिन्यांवर आणि हा आजार सुरूच होतो त्यानंतर.

पंखपुराण

ताईंनी मस्त लिहिलंय. मी कीटकशास्त्रवाला, माशीची बाजू मांडतो.

सँडफ्लाय म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा जीव, डासाच्या साधारण एक तृतीयांश, पिवळट रंग, अंगभर केस. भिंतीवर बसली की पंख मिटत नाही, पाठीवर इंग्रजी व्ही सारखे उभे धरते, टॉर्च मारून बघितलं की यावरूनच पटकन ओळखता येते. डासासारखी गुणगुण नाही, अजिबात आवाज नाही. नीट उडतही नाही, टुणटुण उड्या मारत जाते आणि जरा वारा असला की गप्प बसून राहते. संध्याकाळ ते पहाट चावते. जन्मते तिथून फार लांब जात नाही, काहीशे मीटर म्हणजे खूप झालं.

आणि हे महत्त्वाचं, ही पाण्यात अंडी घालत नाही. त्यामुळे डबकी बुजवा, टाक्या झाका हे डासांसाठी ठीक आहे पण हिला त्याने काहीच फरक पडत नाही. हिला लागते अंधारी, ओलसर माती ज्यात शेण, पालापाचोळा, कचरा असं काहीतरी कुजतंय. भिंतीच्या भेगा, गोठे, उंदरांची बिळं. आता मातीच्या विटांचं अख्खं शहर कोसळलं की काय तयार होतं विचार करा, मैलोन्मैल भेगाच भेगा, आत सावली, खाली सांडपाण्याच्या फुटलेल्या पाइपची ओल, त्यात कुजणारं धान्य, आणि ढिगाऱ्याच्या अगदी कडेला लोकांचे तंबू कारण आपली जागा सोडून कोणी लांब जायला तयार नसतं, आणि ते साहजिकच आहे, खाली त्यांचं सगळं अडकलेलं असतं. अंड्यापासून माशी व्हायला साधारण एक ते दोन महिने लागतात. म्हणजे एका उन्हाळ्यात पिढ्यांवर पिढ्या.

म्हणून ढिगारा उचलणं ही नुसती बांधकाम खात्याची बाब नाहीये, आरोग्याचं काम म्हणून ते वरच्या यादीत हवं. जिथे उचलणं शक्य नाही तिथे निदान तंबू ढिगाऱ्यापासून शक्य तेवढे दूर आणि मोकळ्या, कोरड्या, वारा लागणाऱ्या जागी लावायचे.

साधा माणूस

एवढं सगळं करण्यापेक्षा एकदा सगळीकडे जोरदार फवारणी केली की विषय संपला ना? आपल्याकडे पूर्वी डीडीटी मारायचे, काळा आजार पण गेला होता असं ऐकलंय.

पंखपुराण

साधा माणूस, तुम्ही ऐकलंय ते खरं आहे पण अर्धं. १९५० च्या दशकात मलेरियासाठी घरोघरी डीडीटी मारलं आणि त्याच्यासोबत बिहारमधला काळा आजारही जवळपास दिसेनासा झाला, कारण तोही लेशमॅनियाचाच, सँडफ्लायमुळेच होणारा आजार, फक्त परजीवीची जात वेगळी आणि तो त्वचेवर नाही तर शरीराच्या आतल्या अवयवांत होतो. मग फवारणी थांबली आणि १९७० च्या दशकात तो परत आला, मोठ्या प्रमाणात आला. म्हणजे एकदा मारून विषय संपत नाही.

दुसरं म्हणजे ती फवारणी चालते कशी ते बघा. औषध भिंतीवर मारतात, माशी रक्त पिऊन भिंतीवर टेकते आणि मरते. भूकंपानंतर भिंतच नाही तर मारणार कुठे? ढिगाऱ्यावर वरून फवारलं तर औषध वरच्या थरावर बसतं, माशी आत खोल भेगेत. धूर सोडणं तर फक्त दिसायला बरं, त्या वेळी हवेत असतील तेवढ्या माशा मरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेतच. ज्या खोल्या उभ्या आहेत तिथे आतून भिंतींवर फवारणी जरूर करा, तंबूच्या आतल्या कापडावरही करतात. पण उघड्यावर झोपणाऱ्या माणसासाठी सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून ही माशी आरामात आत शिरते. अगदी बारीक विणीची घेतली तर उन्हाळ्यात आत घुसमटायला होतं आणि लोक ती वापरतच नाहीत. औषध लावलेल्या जाळीत मात्र शिरता शिरताच ती मरते किंवा लांब राहते. काबूल हे या आजाराचं जगातलं फार मोठं केंद्र, तिथे अशा मच्छरदाण्यांचा अभ्यास झालाय आणि चांगला फरक दिसलाय.

उत्तरा

मी नर्स आहे, विस्थापितांच्या छावण्यांत काम केलंय, हा आजार जिथे पूर्वीपासून आहे अशाच भागात. नेमकी जागा लिहीत नाही.

लोक काय समजून येतात ते सांगते. सुरुवातीला एक छोटासा लाल पुरळ, डास चावल्यासारखा. तो जात नाही. हळूहळू गाठ होते, मग मधोमध फुटते आणि कडा जाड उंच राहतात, मध्ये खड्डा आणि त्यावर खपली. दुखत नाही. हीच खरी अडचण, दुखत नाही म्हणून कोणी येत नाही, ज्या घरात दोन माणसं गेली आहेत तिथे गालावरच्या न दुखणाऱ्या फोडाकडे कोण बघणार. येतात तेव्हा चार महिने झालेले असतात, मधल्या काळात कोणी अँटिबायोटिक मलम लावलंय, कोणी जाळलंय, कोणी राख भरलीय. बऱ्याचदा त्यामुळे वेगळंच इन्फेक्शन झालेलं असतं आणि मग ते मात्र दुखतं.

उघडं राहतं तिथेच होतं, चेहरा, हात, पाय. पोरांना चेहऱ्यावर जास्त. एक मुलगी ओढणी कायम डाव्या गालावरून घ्यायची, बोलतानाही मान थोडी वळवलेली. जखम भरून गेली होती तोवर, पण कातडी आत ओढल्यासारखा व्रण राहिला होता आणि तिची आई मला पुन्हा पुन्हा विचारत होती की हा जाणार का. नाही जात. लवकर उपचार केले असते तर एवढा राहिला नसता. जीव जात नाही म्हणून या आजाराला यादीत नेहमी खाली ढकलतात, आणि मला त्याचा फार राग येतो.

सीरियात युद्धामुळे आधीच हे खूप वाढलेलं होतं, अलेप्पो तर या फोडासाठी शेकडो वर्षं ओळखलं जातंय, १८ व्या शतकात तिथे राहिलेल्या अलेक्झांडर रसेल नावाच्या डॉक्टरने त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात ६ फेब्रुवारी २०२३ चा भूकंप, ७.८ चा, पुन्हा थंडीतच. ढिगारे, तंबू, बंद पडलेले दवाखाने, सगळं तेच.

खरजेबद्दल वेगळं लिहायला हवं कारण छावणीत दोन्ही दिसू शकतात. खरूज म्हणजे कातडीत बीळ करणारा किडा, ती खरंच अंगाला अंग लागून पसरते. रात्री भयंकर खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला, आणि घरात एकाला असली की बहुतेक सगळ्यांना. २०२२ च्या पाकिस्तानच्या पुरानंतर छावण्यांत त्वचेच्या तक्रारी प्रचंड होत्या आणि त्यात खरूज होतीच. तिथे उपाय म्हणजे अख्ख्या घराला एकाच वेळी औषध, परमेथ्रिनचं मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत रात्रभर, आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुणं. लेशमॅनियासिसची जखम सहसा खाजत नाही, एक-दोन किंवा मोजक्या असतात आणि आठवडेच्या आठवडे तशाच राहतात. स्वयंसेवकाला एवढा फरक कळला तरी पुष्कळ आहे.

रानवारा

उत्तराताई, हे वाचून थांबलोच थोडा वेळ. खूप धन्यवाद, तिघांनाही.

दोन शंका आहेत अजून. एक, याची लस नाही का? आणि दोन, निदान कसं करतात, तंबूत होऊ शकतं का की मोठी लॅब लागते? म्हणजे आम्ही सोबत काही सामान नेऊ शकतो का ते बघायचंय.

निळी शाई

लस आज माणसांसाठी मंजूर झालेली एकही नाही. पूर्वी एक वेगळाच प्रकार करायचे, लेशमॅनिया मेजर या दुसऱ्या जातीचे जिवंत परजीवी मुद्दाम दंडावर टोचायचे, म्हणजे एक फोड झाकलेल्या जागी होऊन जाईल आणि चेहरा वाचेल. सोव्हिएत संघात, इस्रायलमध्ये केलं, इराणमध्ये १९८० च्या दशकात इराकशी युद्ध चालू असताना सैनिकांना मोठ्या प्रमाणावर टोचलं. प्रतिकारशक्ती खरंच यायची, पण काहींची ती जखमच मोठी व्हायची आणि भरतच नसे, म्हणून बहुतेक ठिकाणी बंद केलं.

निदानाला मोठी लॅब लागत नाही. जखमेची उंचावलेली कड दोन बोटांत घट्ट धरायची, रक्त ओसरून ती पांढरी पडेपर्यंत, मग ब्लेडने अगदी छोटी चीर देऊन आतून खरवडायचं. रक्त मिसळलं की स्लाइड वाया जाते म्हणून तो चिमटा सोडायचा नाही. जे येतं ते काचेवर पसरून गिम्सा स्टेन करायचा (म्हणजे परजीवी दिसावेत म्हणून रंग द्यायचा) आणि मायक्रोस्कोपखाली मॅक्रोफेजमध्ये बारीक अंडाकृती ठिपके शोधायचे, प्रत्येकात एक मोठा आणि एक छोटा गडद बिंदू. दिसले तर निदान पक्कं. नाही दिसले तर मात्र आजार नाही असं नाही, जुन्या जखमेत ते कमी सापडतात, तेव्हा पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी) करावं लागतं. पण हे शिकलेल्या माणसानेच करायचं, स्वयंसेवकाने नाही. त्वचेचा टीबी, बुरशी, साधा जिवाणूंचा व्रण, बरंच काही असंच दिसतं.

उपचार बहुतेक वेळा जखमेच्या कडेत अँटिमनी असलेल्या औषधाचं इंजेक्शन, ठरावीक अंतराने काही आठवडे. सुई दुखते, लहान मुलं दुसऱ्या वेळी यायला बघत नाहीत, अर्धे कोर्स तिथेच सुटतात. काही ठिकाणी द्रव नायट्रोजनने गोठवणं सोबत करतात. एक मशीनही आहे, जागा बधिर करून जखमेवर ५० अंश सेल्सियस उष्णता ३० सेकंद देतं, योग्य पेशंट निवडला तर एकाच भेटीत काम होतं, छावणीतल्या माणसाला परत परत येणं जमत नाही तिथे मला हे फार उपयोगी वाटतं. जखमा खूप असल्या किंवा अवघड जागी असल्या तर अँटिमनी स्नायूत किंवा शिरेत द्यावं लागतं आणि तेव्हा हृदय, लिव्हर, स्वादुपिंड यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

काहीच नाही केलं तरी ट्रॉपिकाची जखम साधारण वर्षभरात किंवा जरा जास्त वेळात आपोआप भरते. हे ऐकून बरेच अधिकारी म्हणतात मग राहू दे की. त्यांना सांगायचं की त्या वर्षभरात ती जखम अख्ख्या वस्तीतल्या माशांना परजीवी पुरवत राहते. एका पोराचा गाल वेळेवर बरा करणं हेच शेजारच्या दहा तंबूंचं संरक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ६ ते १० लाख लोकांना त्वचेचा लेशमॅनियासिस नव्याने होतो, यातला बराच भाग गरीब, विस्थापित, युद्ध नाहीतर आपत्तीत सापडलेल्यांचा.

धुळाक्षरं

वाचतोय, उपयुक्त धागा. एक विचारायचं होतं, सगळीकडेच भूकंपानंतर हे होणार का? म्हणजे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये घालायची गरज आहे का?

पंखपुराण

नाही. परजीवी आणि त्याला वाहून नेणारी माशी दोन्ही तिथे आधीपासून असायला हवेत. जिथे दोन्हीपैकी एक नाही तिथे कितीही मोठा भूकंप झाला तरी हा आजार उगवणार नाही. म्हणून निघण्याआधी पहिला प्रश्न हाच, त्या जिल्ह्यात पूर्वी पेशंट होते का. इराण, अफगाणिस्तान, सीरिया, इराक, पाकिस्तानचा बलुचिस्तान आणि खैबर पख्तुनख्वा, तुर्कस्तानात शानलिउर्फाचा भाग हे जुने पट्टे. भारतात राजस्थानात बिकानेरकडे आहे, हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात आहे. आणि जातही विचारून ठेवा. लेशमॅनिया मेजर असेल तर साठा माणसात नाही, वाळवंटातल्या बिळं करणाऱ्या उंदरांत असतो, तिथे नुसते पेशंट बरे करून साथ थांबत नाही, तंबू बिळांपासून लांब लावावे लागतात.

रानवारा

ओके, हे माझ्या यादीत सगळ्यात वर टाकतो. शेवटचा प्रश्न, स्वयंसेवकाने प्रत्यक्ष काय करायचं? आमच्याकडे ना मायक्रोस्कोप ना इंजेक्शन.

उत्तरा

आठवड्यातून एकदा तंबूंमधून फिरायचं आणि घरातल्या प्रत्येकाचा चेहरा, हात, पाय बघायचे, पोरांचे आधी. दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकलेली, न दुखणारी, कडा उंच असलेली जखम दिसली की नाव, तंबू, कधीपासून आहे आणि किती आहेत हे लिहून जवळच्या दवाखान्यात पाठवायचं. वर स्वच्छ पट्टी बांधायची, म्हणजे आत घाणही जात नाही आणि माशीही बसत नाही. स्वतः काही लावायचं नाही, फोडायचं नाही. संध्याकाळपासून लांब बाह्या, पायमोजे, उघड्या अंगाला डीटचं (कीटकांना दूर ठेवणारं) क्रीम, आणि स्वतः औषधाच्या मच्छरदाणीत झोपायचं, तुम्ही झोपलात तरच लोक झोपतात. मच्छरदाणी वाटून निघून यायचं नाही, बांधून द्यायची, तंबूत वर दोरी बांधायला काही नसतं आणि मग तिचा उपयोग सामान झाकायला होतो.

आणि जमलं तर ज्यांना हे शिकवाल त्यातले निम्मे तिथलेच लोक घ्या, बाहेरचे नाही. पुढच्या उन्हाळ्यात जखमा दिसायला लागतील तेव्हा तेच तिथे असणार आहेत.

रानवारा

हे करता येईल. शाळेतले शिक्षक आणि तिथल्या आरोग्यसेविका यांच्यासाठी वेगळं सत्र ठेवतो. निळी शाई, जखमांचे फोटो ओळखायला द्यायचे झाले तर सुरुवातीच्या पुरळापासून व्रणापर्यंत असा क्रम लावून द्याल का? पेशंटची ओळख न दिसणारे हवेत.

निळी शाई

देते. हात आणि पायांचे निवडते, चेहऱ्याचे नाही. सोबत खरूज आणि साध्या पिकलेल्या फोडाचेही टाकते, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवता येईल.